लॅपटॉप घेतांना गृहस्थानें काय पाहावें ?

दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं मध्यम स्थितींतील पुष्कळ सुशिक्षित घरांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : मुलाला अथवा मुलीला लॅपटॉप घेऊन द्यावयाचा, तो कोणता ? क्रमिक पुस्तकें, वह्या, कंपासपेटी ह्या जुन्या यादीच्या शिरोभागीं आतां तीस ते पन्नास हजार रुपयांचें एक यंत्र येऊन बसलें आहे. कित्येक घरांत ही रक्कम एका महिन्याच्या संपूर्ण प्राप्तीइतकी असते. आणि नवल असें, कीं पितळेचें पातेलें घेतांना जो गृहस्थ तें हातांत धरून, उलटें करून, बोटानें वाजवून पाहतो, तोच गृहस्थ हें यंत्र मात्र विक्रेत्याच्या शब्दावर अथवा जाहिरातींतील तांबड्या अक्षरांच्या सवलतीवर विसंबून घरीं आणतो. दोन वर्षांत तें रखडूं लागलें म्हणजे दोष नशिबाला. वास्तविक ह्या यंत्राची परीक्षा पातेल्याच्या परीक्षेहून फारशी कठीण नाहीं. ती कशी करावी, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

आरंभींच एक शंका निघते. घरांत फोन असतां लॅपटॉप हवाच कशाला ? ह्याचें उत्तर २०२० सालच्या टाळेबंदींत अनेक घरांनीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. शाळा बंद होत्या आणि मुलें फोनवर शिकत होतीं. पाठ ऐकणें, चित्र पाहणें, पुस्तकाचें पान वाचणें हीं कामें फोनवर बरीं होतात; परंतु दोन पानांचा निबंध लिहिणें, लिहिलेलें पुन्हां वाचून त्यांतील परिच्छेद मागेंपुढें करणें, जमाखर्चाचें कोष्टक मांडणें, एकीकडे मूळ उतारा व दुसरीकडे आपला अनुवाद ठेवून दोहोंचा मेळ घालणें, हीं कामें फोनवर नीट होत नाहींत. अंगठ्यानें लिहिणारा विद्यार्थी हळूहळू लहान वाक्यें लिहूं लागतो, मग लहान विचार करूं लागतो. फोन हें मुख्यतः पाहण्याचें साधन आहे आणि लॅपटॉप हें लिहिण्याचें. हा भेद एकदां मनांत ठसला, म्हणजे निवडीचा अर्धा गोंधळ मिटतो. ज्यावर आपलें मूल दोन तास सलग, पाठ व डोळे न शिणवितां लिहूं शकेल आणि जें रोज खांद्यावरून नेऊं शकेल, तें यंत्र आपल्याला पाहिजे.

स्वस्त आणि हलकें : जुनें स्वप्न

विद्यार्थ्याच्या हातीं हलकें व स्वस्त यंत्र द्यावें, ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करणाऱ्या अ‍ॅलन के ह्या शास्त्रज्ञानें १९७२ सालीं मुलांसाठीं वहीएवढ्या संगणकाचा आराखडा मांडला. वजन चार पौंडांहून, म्हणजे सुमारें १.८ किलोहून, कमी आणि किंमत पांचशे डॉलरांच्या आसपास असावी, अशी त्याची अपेक्षा होती. तें त्या काळीं केवळ स्वप्नच होतें. १९८१ सालीं उचलून नेण्याजोगा म्हणून जो ‘ऑस्बोर्न १’ संगणक विक्रीस आला, त्याचें वजन सुमारें ११ किलो व किंमत १,७९५ डॉलर होती. पडदा अवघा पांच इंचांचा, आणि आंत बॅटरी नाहींच.

पुढें निकोलस निग्रोपाँटी ह्यांनीं शंभर डॉलरांत प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची योजना पुढें आणली. त्यांचें हिरवें-पांढरें, सुमारें दीड किलोचें यंत्र २००७ सालीं तयार झालें. हिंदुस्थानांत त्याचा पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यांतील खैरात ह्या लहानशा खेड्याच्या शाळेंत झाला, ही गोष्ट महाराष्ट्रांतहि थोड्यांनाच ठाऊक आहे. किंमत मात्र शंभर डॉलरांवर न राहतां दोनशेंच्या घरांत गेली. त्याच वर्षीं असूस कंपनीनें सात इंची पडद्याचा, किलोहून कमी वजनाचा ‘ई पीसी’ काढला; परंतु त्यांत माहिती साठविण्यास जागा अवघी चार जी.बी. २०२३ सालीं आपल्याकडे आलेला ‘जिओबुक’ ९९० ग्रॅम वजनाचा व १६,४९९ रुपये किंमतीचा होता. रॅम चार जी.बी. व संचय ६४ जी.बी.

ह्या इतिहासावरून एक गोष्ट उघड होते. वजन आणि किंमत हीं दोन्हीं एकदम खालीं येतात, तेव्हां तिसरें कांहींतरी कापलेलें असतें. कापणें हा गुन्हा नव्हे. पाठ ऐकणें व चार ओळींचें पत्र लिहिणें एवढेंच काम असेल, तर असलें यंत्रहि पुरेल. परंतु काय कापलें आहे, तें घेणाराला कळलें पाहिजे. वजन व किंमत जाहिरातींत मोठ्या अक्षरांत असतात. कापलेली वस्तु बारीक अक्षरांत असते. शहाण्यानें बारीक अक्षरें आधीं वाचावीं.

धातु आणि प्रत्यय

व्याकरणांत धातु स्थिर असतो आणि प्रत्यय बदलतात. लॅपटॉपच्या अंगांचीहि अशीच विभागणी करावी. पडदा, कळफलक, प्रोसेसर, पुष्कळदां रॅम आणि अर्थात् वजन, हीं अंगें एकदां घेतलीं कीं व्यवहारतः जन्मभर तींच. माहिती साठविण्याची एस.एस.डी., बॅटरी, चार्जर व संगणक-प्रणाली हीं अंगें मागाहून बदलतां येतात. तेव्हां जें बदलतां येत नाहीं, त्यावर पैसा खर्च करावा. जें बदलतां येतें, त्यांत काटकसर करावी. विक्रेता बहुधा ह्याच्या उलट सांगतो. तो मोठ्या संचयाची थोरवी गातो आणि पडद्याविषयीं मौन धरतो.

आतां एकेक अंग पाहूं.

वजन. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या शालेय दप्तर-धोरणांत दप्तराचें वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावें असें सांगितलें असून, अकरावी-बारावीसाठीं ३.५ ते ५ किलोंची मर्यादा दिली आहे. चौदा इंची पडद्याचा बरा लॅपटॉप १.३ ते १.५ किलोंचा असतो, पंधरा-साडेपंधरा इंचांचा साधारण १.६ ते १.८ किलोंचा, आणि खेळांसाठीं केलेला सव्वादोन-अडीच किलोंचा. ह्यांत चार्जरचें वजन धरलेलें नसतें. तें आणखी दोनशें ते चारशें ग्रॅम, आणि खेळाच्या यंत्राचें त्याहूनहि जास्त. डबा, पाण्याची बाटली व पुस्तकें मिळवून बेरीज करा, म्हणजे अडीच किलोंचें यंत्र खांद्याला काय म्हणतें तें कळेल. रोज नेण्याआणण्यासाठीं चौदा इंच व दीड किलो ही मर्यादा आम्ही सुचवितों. यंत्र टेबलावरच राहावयाचें असेल, तर मात्र हलकेपणासाठीं एक पैसाहि अधिक देऊं नये.

पडदा. येथें मराठी व संस्कृत वाचणाऱ्यानें विशेष चोखंदळ असावें. इंग्रजी अक्षर एका ओळींत बसतें. आपल्या अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार, मात्रा, रफार आणि पायांशीं उकार असतात. १३६६ × ७६८ बिंदूंच्या जुन्या पद्धतीच्या पडद्यावर बारीक अक्षरांत अनुस्वार व चंद्रबिंदु ह्यांतील भेद दिसत नाहीं आणि जोडाक्षरांचा गोळा होतो. १९२० × १०८० हून कमी बिंदूंचा पडदा घेऊंच नये. दुसरी परीक्षा दुकानांतच करावी : झांकण मागेंपुढें कलवून आणि बाजूनें उभे राहून पाहावें. रंग उलटे-फिके दिसूं लागले, तर पडदा हलक्या जातीचा, ज्यास ‘टी.एन.’ म्हणतात तो, आहे असें समजावें; ‘आय.पी.एस.’ जातीचा पडदा सर्व बाजूंनीं सारखा दिसतो. चकचकीत पडद्यांत आपलेंच तोंड व मागची खिडकी दिसते. वाचनास मळकट पृष्ठाचा बरा. उजेडाचें माप ‘निट’ ह्या परिमाणांत देतात. घरांत अडीचशें निट पुरतात, खिडकीपाशीं अथवा प्रवासांत काम करणाऱ्यास तीनशें वा अधिक हवेत.

कळफलक. दुकानांत उभ्यानें दोन शब्द टाइप करून कळफलक समजत नाहीं. खुर्ची मागून घ्यावी आणि दहा ओळी लिहून पाहाव्या. कळ दाबली गेली हें बोटाला कळतें काय, फलक मध्यभागीं लवतो काय, उजवीकडची शिफ्टची कळ जागा वांचविण्यासाठीं बारीक केली आहे काय, हें पाहावें. हा शेवटचा मुद्दा आपल्यासाठीं महत्त्वाचा आहे. १९८६ सालीं सरकारनें प्रमाण ठरविलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ रचनेंत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें उजव्या हाताला आहेत. क, ग, त ह्यांच्याच कळा शिफ्टसह दाबल्या असतां ख, घ, थ उमटतात. वर्णमाला येणाऱ्यास ही रचना थोड्या दिवसांच्या अभ्यासानें साधते. ती विंडोज व लिनक्स ह्या दोन्हीं प्रणालींत मुळांतच असते. वेगळा पैसा पडत नाहीं. मराठी लिहिण्यासाठीं ‘खास सॉफ्टवेअर’ म्हणून कोणी हजार-दोन हजार मागूं लागल्यास नम्रपणें नकार द्यावा.

रॅम. ही यंत्राची काम करण्याची चौरंगी होय. चौरंगी लहान असली, कीं एक पोथी उघडण्यासाठीं दुसरी मिटावी लागते. विंडोज ११ साठीं चार जी.बी.ची किमान अट आहे. पण किमान म्हणजे पुरेसें नव्हे. आज आठ जी.बी. ही खालची पायरी व सोळा जी.बी. ही पांच वर्षांच्या दृष्टीनें योग्य पायरी समजावी. खरी मेख अशी, कीं पातळ यंत्रांत रॅम बहुधा मुख्य पट्टीवर डाग देऊन पक्की केलेली असते. ती पुढें वाढवितां येत नाहीं. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : “रॅम वाढवायला मोकळी खांच आहे का ?” असल्यास आठवर भागेल, नसल्यास सोळाच घ्यावी. २०२५ सालच्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढूं लागले. अशा वेळीं स्वस्त यंत्रांत ती कमी घालण्याचा मोह उत्पादकांस होणें स्वाभाविक आहे. तेव्हां हा प्रश्न विसरूं नये.

संचय. येथें दोन नांवें लक्षांत ठेवावीं. ‘एस.एस.डी.’ जलद असते आणि बहुतेक यंत्रांत मागाहून मोठी बसवितां येते. ‘ई.एम.एम.सी.’ संथ असते व मुख्य पट्टीलाच चिकटलेली असते. अगदीं स्वस्त यंत्रांत ही दुसरी असते. जें बदलत नाहीं तेंच हलकें, म्हणून तें टाळावें. २५६ जी.बी.ची एस.एस.डी. लेखन-वाचनास पुरते, ५१२ ची मिळाल्यास उत्तम.

प्रोसेसर. ह्याच्या नांवांतील अंक व अक्षरें पाहून गृहस्थ बिचकतो. वस्तुतः त्यांचें काम पाणिनीच्या प्रत्ययांतील इत्संज्ञक वर्णांसारखें आहे. ‘क्त’ ह्यांतील ककार उच्चारांत येत नाहीं. पण गुण होऊं नये, ही सूचना तोच देतो. तसेंच प्रोसेसरच्या शेवटचें ‘यू’ हें अक्षर सांगतें कीं हा कमी वीज खाणारा, हलक्या यंत्रासाठीं आहे. ‘एच’ सांगतें कीं हा जोरकस, पण तापट आहे. अंकांचेंहि तसेंच. एएमडी कंपनीचे ‘रायझन ५ ७५२०यू’ व ‘रायझन ५ ७५३०यू’ हे दोन प्रोसेसर नांवानें सख्खे भाऊ वाटतात. परंतु तिसरा अंक आंतील रचनेची पिढी दाखवितो : पहिल्यांत २०१९ सालची ‘झेन २’ रचना व चार गाभे, दुसऱ्यांत २०२० सालची ‘झेन ३’ रचना व सहा गाभे. दुकानांत दोघांवरहि ‘रायझन ५’ हीच चिकटपट्टी ! म्हणून चिकटपट्टी न वाचतां पूर्ण अंक लिहून घ्यावा व घरीं येऊन माहितगाराला दाखवावा. लेखन, कोष्टकें व पाठ ह्यांसाठीं साधा प्रोसेसरहि पुष्कळ होतो. येथें वांचलेले पैसे रॅम व पडदा ह्यांवर लावावे.

बॅटरी. ‘बारा तास चालते’ ह्या वाक्यावर विश्वास न ठेवतां गणित करावें. बॅटरीची धारणा वॅट-तासांत छापलेली असते. हलक्या कामास यंत्र सरासरी सात ते दहा वॅट वीज घेतें. धारणा ४२ वॅट-तास असेल, तर ४२ ला ७ नीं भागून सहा तास, १० नीं भागून चार तास. म्हणजे सकाळचें कॉलेज निभेल. सायंकाळपर्यंतचें काम निभणार नाहीं. त्यास पन्नास वॅट-तासांहून अधिक धारणा पाहावी. ‘यूएसबी-सी’ खांचेंतून भरण्याची सोय असल्यास फार उत्तम, कारण चार्जर हरवला वा बिघडला तर दुसरा सहज मिळतो. बॅटरी सदैव शंभर टक्के भरलेली ठेवल्यानें लौकर थकते. ऐशीं टक्क्यांवर थांबविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, ती चालू करावी.

जुना, पण खानदानी

अंदाजपत्रक पंचवीस हजारांच्या आंत असेल, तर काय करावें ? नव्या पण सर्व बाजूंनीं कापलेल्या यंत्रापेक्षां मोठ्या कचेऱ्यांनीं तीन-चार वर्षें वापरून काढलेला व दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप पुष्कळदां सरस ठरतो. लेनोवोचे ‘थिंकपॅड’, डेलचे ‘लॅटिट्यूड’, एचपीचे ‘एलिटबुक’ हे वर्ग कचेऱ्यांसाठींच केलेले असल्यामुळें त्यांचे कळफलक व बिजागऱ्या दणकट असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ते मिळतात. मात्र एक अट अवश्य पाळावी. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. विंडोज ११ इंटेलच्या बहुतेक आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांवरच रीतसर चालतें. सहाव्या-सातव्या पिढीचें यंत्र कितीहि चकचकीत पुसलेलें असलें, तरी तें विंडोजसाठीं घेऊं नये. असें यंत्र घरांत असलेंच, तर त्यावर लिनक्स घालावें. केरळांतील सरकारी शाळांनीं हीच मोफत प्रणाली वर्षानुवर्षें यशस्वी रीतीनें चालविली आहे. जुनें यंत्र घेतांना बॅटरीची मूळ धारणा व सध्यांची धारणा ह्यांचा तक्ता दाखविण्यास सांगावें, निदान सहा महिन्यांची लेखी हमी घ्यावी, आणि पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.

आमच्या परिचयांतील एका घरचा प्रकार येथें उपयोगी पडेल. थोरल्या मुलासाठीं अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षीं मोठा, २.४ किलोंचा लॅपटॉप घेतला होता. त्याला नोकरी लागल्यावर कंपनीनें यंत्र दिलें. मग हा जुना धाकट्या बहिणीकडे गेला. मुलगी एका चार्टर्ड अकाउंटंटकडे उमेदवारी करीत होती. निरनिराळ्या कचेऱ्यांत हिशेब तपासण्यास जावें लागे. त्या यंत्राचा चार्जरच पाऊण किलोचा. बॅटरी दीड तासांत संपे. डोंबिवलीहून गर्दीच्या गाडीनें तें ओझें नेणें तिला अशक्य झालें. ती यंत्र घरीं ठेवूं लागली, दिवसाची टिपणें फोनवर घेऊं लागली व रात्रीं जागून तीं पुन्हां उतरवूं लागली. परीक्षेच्या अभ्यासाचे तास त्यांत जात होते. चार महिन्यांनीं आईच्या ध्यानांत हें आलें आणि तिनें हट्टानें दीड किलोचा, कचेरींतून निघालेला लॅपटॉप चोवीस हजारांत घेवविला. मुलीच्या रात्री तिला परत मिळाल्या. भावाचें यंत्र वाईट नव्हतें. तें दुसऱ्याच्या कामासाठीं घेतलेलें होतें. मुलाला नवें व मुलीला त्याचें उतरलेलें, ही रीत कपड्यांत चालली असेल. विद्येच्या साधनांत ती महाग पडते.

शेवटीं किंमतीचा हिशेब कसा मांडावा, तें सांगतों. अठ्ठावीस हजारांचें यंत्र दोन वर्षांत निरुपयोगी झालें, तर त्याचा महिन्याचा खर्च सुमारें ११६७ रुपये पडतो. पंचेचाळीस हजारांचें पांच वर्षें चाललें, तर महिन्याला ७५० रुपये. येथें महाग तेंच स्वस्त ठरतें. परंतु ह्याच न्यायानें पाऊण लाखाचें घ्यावें असें मात्र नव्हे. कारण लिहिणाऱ्याला त्यांतील अधिक शक्तीचा उपयोगच होत नाहीं. हप्त्यानें घेतांना हप्त्यांची एकूण बेरीज व ‘प्रक्रिया-शुल्क’ ह्या नांवाखालीं काय घेतात तें पाहावें. विद्यार्थ्यांसाठींची सवलत असल्यास ती विचारावी. विचारल्यावांचून ती बहुधा कोणी सांगत नाहीं.

दुकानांत जातांना ज्याच्यासाठीं यंत्र घ्यावयाचें, त्या मुलाला अथवा मुलीला बरोबर न्यावें. त्याला तें उचलूं द्यावें, त्यावर दहा ओळी मराठींत लिहूं द्याव्या, पिशवींत घालून दुकानाभोंवतीं एक फेरी मारूं द्यावी. वरील प्रश्न कागदावर लिहून त्याच्याच हातीं द्यावे आणि त्यालाच विचारूं द्यावे. पहिल्या दुकानांत घेऊं नये. तीन दुकानें पाहून, एक रात्र मध्यें जाऊं देऊन मग निर्णय करावा. यंत्र घरीं आल्यावर पहिल्याच दिवशीं अभ्यासाच्या साहित्याची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणीं ठेवण्याची सवय लावावी. कारण यंत्र पुन्हां विकत मिळतें, वर्षाचें लेखन मिळत नाहीं.